एक ते पाच

रागाविषयी देशोदेशी चाललेल्या एका सर्वेक्षणाचे प्रश्न घेऊन एक मुलगी दारी आली होती. आतल्या खोलीत नवरा झोपलेला, म्हणून बाई अगदी हळू आवाजात एक ते पाचमधला आकडा सांगत होती.

“जेवायला उशीर झाला, तर राग किती येतो?”

“पाच.”

“कुणी उलट उत्तर दिलं तर?”

“पाच.”

“आणि काहीच कारण नसताना?”

बाईने आतल्या दाराकडे पाहिलं. “तेव्हाही पाच.”

मुलगी थबकली. “काकू, दिसता तर किती शांत! एवढा राग येतो तुम्हाला?”

“मला?” बाई गोंधळली. “मला वाटलं, ह्यांचं विचारतेस.”

“नाही हो, तुमचंच. मग खोडू का हे सगळं?”



“नको गं. कुठेतरी लिहिलेलं असू दे.”