छताकडचे सांधे

रविवारी मोटारींची पहिलीच रॅली, त्यामुळे जावयाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. शेजारी बसून वाट सांगायला मात्र कोणी तयार नव्हतं. बायकोने तर सरळ हात जोडले होते. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत पाइपांचा पिंजरा बसवायचा होता, आणि वेल्डर होत्या खुद्द सासूबाई. त्याने आणलेला हलका पाइप त्यांनी हातात घेताच नापास केला आणि जाड, बिनजोडाचा सीमलेस पाइप मागवला. तो त्याने आणूनही दिला. पण सासूबाई गाडीच्या तळाला भोकं पाडायला लागल्या, तेव्हा मात्र ओरडलाच.

"आई, गाडी आहे ती, चाळणी नव्हे!"

"छताला टेकलेल्या सांध्यांच्या वरच्या बाजूला हात पोचत नाही. पिंजऱ्याचे पाय भोकांतून खाली सोडायचे, सांधे वरून वेल्डिंगने भरायचे, मग पिंजरा उचलून पायांखाली पत्रा मारायचा."

"पण वरची बाजू बघणार कोण?"

"उलटलात की रस्ता बघेल."

शेवटचा सांधा भरला, तसा त्याला गहिवरून आलं. "आई, केवढी काळजी करता हो माझी!"

"तुमची?"

सासूबाईंनी वेल्डिंगचा मुखवटा उतरवला, पिशवीतलं लालभडक हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि शेजारच्या सीटवर ऐसपैस बसल्या.

"चला, नकाशा द्या इकडे!"