बहिणीचा दवाखाना

“या बेटावर दुसरी नर्स नाही. तुझ्या बहिणीकडे नाही जायचं, तर मग कुणाकडे जातोस? कोंबड्यांकडे?” हावेआ म्हणाला.

लिसिएटे जाळं सांधत होता. मित्राच्या या बोलण्यावरही त्याने मान वर केली नाही. नर्स मेलेआने ही त्याची चुलत बहीण. पण टोंगात चुलत काय नि सख्खी काय, बहीण ती बहीण. दोघं एका छपराखाली असताना कुणी अंथरुणावरून साधी थट्टा केली, तरी भावाने मुकाट्याने उठून जायचं असतं. तिच्यासमोर बसून, बाई गं, माझ्याच्यानं आता होत नाही, असं सांगायचं? मोठ्या बेटावर जावं, तर तिथल्या दवाखान्याची चिठ्ठीही तीच देणार. त्यापेक्षा समुद्र बरा. आणि समुद्राचा विचार हल्ली त्याच्या मनात खरंच येऊ लागला होता.

फिने, त्याची बायको, एका शब्दाने बोलली नव्हती. तिने फक्त आपली चटई सासूच्या खोलीत नेऊन टाकली होती. परवा मात्र तिने ऑकलंडच्या बहिणीला फोन करून तिकडच्या कामाची चौकशी केली, आणि तीही त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

“मी जातो,” हावेआ म्हणाला. “माझंच दुखणं म्हणून सांगतो. ती माझी कुणी लागत नाही. बायको गेली, आता माझी कसली अब्रू जायचीय?”

“विचारेल ना, विधुराला कशाला हवंय म्हणून.”

“म्हणेन, पुन्हा बाशिंग बांधायचंय!”

दुपारी तो परतला तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं होतं.

“हसण्यावारी नेऊ नकोस, लेका. तिनं दंडाला पट्टा काय बांधला, बोटातून रक्त काय काढलं. म्हणाली, हे दुखणं नुसतं खालचं नाही. रक्ताच्या वाटा बुजतायत. आधी तिथं कळतं, मग काळजात. सिगारेट बंद. चरबीचं मटण, डब्यातलं खारं मांस बंद. मुळ्यांचा तो गुंगीचा कावा पीत पहाटेपर्यंत बसणं बंद. रोज चालायचं, वेळेवर झोपायचं. आणि ही गोळी, न चुकता. नाहीतर बसल्या जागी आटोपेल म्हणाली.”

“असं म्हणाली?”

“अगदी डोळे वटारून. मी काय, नुसता निरोप्या.”

लिसिएटेने हातातली सिगारेट तिथंच विझवली. दुसऱ्या दिवसापासून तो देवळापासून धक्क्यापर्यंत चालू लागला. आधी धाप लागायची, पाय भरून यायचे. लोक दारात उभे राहून विचारायचे, “काय रे, कुणाच्या मागे लागलास?” तो वाळू लागला तशी त्याची आत्या गावभर सांगत सुटली, की फिने नवऱ्याला उपाशी ठेवते. या सगळ्याचा उपयोग होईल असं त्याला मनातून वाटत नव्हतं. बुडता माणूस काडी धरतो, तसं त्याने पथ्य धरलं होतं. गोळी घेतली की उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. औषध लागू पडतंय, असं समजून तो सोसायचा.

रविवारी देवळातून आल्यावर जमिनीत पुरलेल्या भट्टीतलं जेवण निघे. चरबीचा तुकडा वाट्याला आला, की लिसिएटे तो हावेआच्या पानात सरकवी. उरलेल्या सिगारेटीही त्याने त्यालाच दिल्या.

“पथ्य तुझं आणि पोट सुटलं माझं!” हावेआ कपाळ चोळत म्हणे. अलीकडे त्याचं डोकं फार दुखायचं. तो कावावर खापर फोडायचा आणि पुन्हा बैठकीला जायचा.

दर महिन्याला गोळ्या तोच आणायचा, वर शिव्याही खाऊन यायचा.

“तुझी बहीण म्हणते, खोटारडा आहेस, सांगितलेलं काही पाळत नाहीस.”

“मी चालतो ते सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की! रोज चालतो, म्हटलं. माझं पोट बघून विश्वासच बसेना तिचा!”

दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मग एका सकाळी लिसिएटेला जाग आली आणि आपलं शरीर आपल्याला विसरलेलं नाही, हे त्याला कळलं. तो तसाच पडून राहिला, भीतीने. हललो तर निघून जाईल, असं त्याला वाटलं. पण ते गेलं नाही. पुढच्याही सकाळी आलं.

“तुझ्या अंगाला आता धुराचा वास येत नाही,” फिने एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली. त्या संध्याकाळी तिने आपली चटई स्वतःच परत आणली. सकाळी दोन्ही चटया एकात एक गुंडाळलेल्या सासूने पाहिल्या, आणि तिने चहा ठेवला. ऑकलंडचं नाव पुन्हा निघालं नाही.

लिसिएटे जाळ्यात आलेला पहिलाच मोठा मासा घेऊन हावेआच्या घरी धावला. अंगणात माणसं जमली होती. कावाच्या बैठकीतच, हातातली वाटी तोंडाला लावता लावता, हावेआ कोसळला होता. त्याची म्हातारी आई त्याच्या पायाशी बसून होती. लिसिएटे मासा हातात धरून तसाच उभा राहिला.

मयताच्या दिवशी त्याने कमरेला शोकाची फाटकी चटई गुंडाळली आणि स्वयंपाकाच्या भट्टीपाशी धुरात जाऊन बसला. डोळ्यांतलं पाणी धुराच्या नावावर खपत होतं.

मेलेआने आली. रीतीप्रमाणे तिने भावाकडे पाठ केली आणि ती फिनेशी बोलू लागली.

“मी काय कमी सांगितलं त्याला? कशासाठी आला होता, ते इथं बोलायचं नाही,” तिचा आवाज खाली आला. “पण पहिल्याच दिवशी त्याच्या दंडाला पट्टा मी दोनदा बांधून पाहिला गं. एवढा रक्तदाब मी या बेटावर कुणाचा पाहिला नव्हता. महिन्याच्या महिन्याला गोळ्या दिल्या, शपथ घालून विचारलं. म्हणायचा, रोज सकाळी घेतो.”

आज सकाळचीही गोळी लिसिएटेने न चुकता घेतली होती.