मराठीत सांग

फाईल अप्पांच्या मांडीखाली होती आणि अप्पा दुकानाच्या गादीवरून उठत नव्हते.

सव्वादहा झाले होते. हुबळीच्या दाजीबानपेठेत शटरं वर जायला लागली होती. अकरा वाजता देशपांडे नगरच्या डॉक्टरीणबाई श्रीनिधीला बघणार होत्या आणि हार्मोनच्या गोळ्या लिहून देणार होत्या. पहिल्या गोळ्या. रक्ताचे रिपोर्ट, मनाच्या डॉक्टरांचं पत्र, सगळं त्या फाईलीत होतं. फाईल नसेल तर गोळ्या नाहीत. आजची वेळ चुकली तर पुढची दोन महिन्यांनी. आठ महिने थांबली होती ती. बेलूरच्या फॅक्टरीत शिफ्टा बदलून बदलून तपासण्या केल्या होत्या.

"फैल कोडरि," श्रीनिधी कन्नडात म्हणाली.

"मराठीत माग," अप्पा म्हणाले.

"फाईल द्या."

"कुठं निघालास? ते पण मराठीत सांग."

श्रीनिधीनं फाईलीसाठी हात पुढं केला.

हे भांडण तीन वर्षांचं होतं. गिऱ्हाईकाशी कन्नड, घरच्यांशी मराठी, हा दत्तात्रेय अप्पांचा नियम. चार पिढ्या हुबळीत गेल्या तरी आम्ही मराठी सोडली नाही, असं ते खणांचे तागे उलगडता उलगडता गिऱ्हाईकांना सांगायचे. कन्नडात. आणि त्यांचंच थोरलं लेकरू तीन वर्षं घरात कन्नडाशिवाय तोंड उघडत नव्हतं. फॅक्टरीतल्या पोरांची संगत, अप्पा म्हणायचे. मायबोलीची लाज वाटते ह्याला, म्हणायचे. का बोलत नाहीस, असं मात्र कुणी एकदा विचारलं नाही.

फाईल सापडली ती धाकट्या चेतनला. सकाळी तिच्या बॅगेत हात घालून त्यानं ती काढली, वाचली आणि अप्पांपुढं नेऊन टाकली. आता तो काउंटरला टेकून उभा होता. मजा बघत.

"गोळ्या खाऊन बाई होणार म्हणे," चेतन म्हणाला. "बरं झालं की अप्पा, घरचंच गिऱ्हाईक. ये अक्का, बस. कधी आलीस? कुठला खण दाखवू?"

जन्मात पहिल्यांदा घरातल्या कुणी तिला 'आलीस' म्हटलं होतं. ते पण टिंगलीत.

अप्पांनी कापड मापायचा लोखंडी मीटर गादीच्या कडेवर आपटला. "गप रे." मग श्रीनिधीकडे वळले. "आठ महिने डॉक्टर चाललेत आणि बापाला पत्ता नाही. बोललास कधी? तुझं तोंड तेवढं आमचं, त्यातली भाषा दुसऱ्याची. आज मराठीत सांगायचं. कुठं निघालास, कशाला निघालास. नाहीतर ही फाईल बंबात घालतो. पाणी तरी तापेल."

समोरच्या भिंतीवर घड्याळ. दहा पंचवीस.

"डॉक्टरकडे निघाले," श्रीनिधी म्हणाली.

चेतन फिसकन हसला. अप्पा हसले नाहीत म्हणून थांबला.

"काय म्हणालास?"

"निघाले. मी निघाले. गोळ्या सुरू करायला." तिनं हात ओढणीसारखे छातीशी बांधले. "मायबोलीची लाज नाही वाटत मला. कन्नडात येतो पण बर्तीनि आणि येते पण बर्तीनि. तुम्ही मला जेवायला येतोस का म्हणा, येतेस का म्हणा, कन्नडात एकच. ऊटक्क बर्ती. ती भाषा काही विचारत नाही. तुमची मराठी दर वाक्याला विचारते, पोरगा की पोरगी. 'येतो' म्हणायचं तर खोटं. 'येते' म्हणाले असते तर तुम्ही हाकललं असतं. म्हणून तीन वर्षं कन्नड."



अप्पांनी मांडीखालून फाईल ओढली आणि फेकली. ती पायरीजवळच्या चपलांत जाऊन उघडली. कागद पसरले.

"उचल आणि चालायला लाग," अप्पा म्हणाले. "आणि परत ह्या घरात मराठी बोलायची नाही. ऐकवत नाही मला."

श्रीनिधी गुडघ्यावर बसून कागद गोळा करायला लागली. एका कागदावर चेतनचा पाय होता. मनाच्या डॉक्टरांचं पत्र. त्यानं पाय काढला नाही. तिनं कागद ओढला, कोपरा फाटून त्याच्या चपलेखाली राहिला. सही शाबूत होती. बास.

तिनं चपला घातल्या. ह्या घरात बाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही. जाणारा कितीही भांडून निघाला तरी 'येतो' म्हणूनच निघतो. तीन वर्षं ती 'बर्तीनि' म्हणून निघत होती.

"येते," ती म्हणाली.

अप्पांनी एक तागा पुढं ओढला होता आणि ते मापायला लागले होते. समोर गिऱ्हाईक नव्हतं.

ती पायऱ्या उतरली. रस्त्यावर रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली तेव्हा मागून आवाज आला. अप्पांचाच, पण गिऱ्हाईकासाठी ठेवलेल्या कन्नडातला. तिनं वळून बघितलं. त्यांची मान खालीच होती, मीटर कापडावर चालूच होता.

"ऊटक्क बर्ती?"