तुळसाकाकीची दुसरी बाटली

त्या काळी देवगडच्या दवाखान्यात औषधासाठी बाटली घरूनच न्यावी लागे. परुळेकर कंपाउंडर तीत खोकल्याचं औषध भरत, डोसाच्या खुणांसाठी कातरलेली कागदी पट्टी बाहेरून चिकटवत आणि प्रत्येकाला समजावत, "बाटली हालवन एका येळाक एकच खूण घेवची."

तुळसाकाकीची बाटली मात्र निम्म्या दिवसांतच रिकामी झाली.

"काकी, दोन-दोन खुणा घेतलंस काय गे?"

"नाय रे झिला. मी एकच घेतंय. परत बघतंय तर आणखी एक खूण उणी."

"घरात आणखी कोण आसा?"

"मी एकटीच. पण माजघरात कोणतरी खोकता. पयल्यांदा भियालंय. आता बिचारो रातीचो निजता तरी."

तिने दवाखान्याच्या खिडकीच्या फळीवर दोन धुतलेल्या बाटल्या ठेवल्या. "त्येका येगळा दी."

एकटं माणूस मन असं कुठेतरी गुंतवतं, परुळेकरांना वाटलं. ते मऊ आवाजात म्हणाले, "काकी, रोग्याक बघितल्याशिवाय औषध देवक येणा नाय. त्येका घेवन ये."

"घेवनच इलंय," म्हणत काकीने बाजूला होऊन जागा करून दिली.

तिच्या मागे कुणीच नव्हतं. फळीवरची दुसरी बाटली तेवढी हळूच त्यांच्याकडे सरकली.