तेरा पॉइंट आठ

"हाई दुसरी बॅटरी फुगनी, भाई." हेमकांतने फवारणी पंपातून काढलेली बॅटरी काउंटरवर आपटली आणि शेजारी नवी कोरी ठेवली. "आते तयार चार्जर नको माले. तुम्हीनच बनाडा."

रनाळ्यात त्याच्या मिरचीवर चुरडा-मुरडा पडला होता. उद्या सकाळी पंप चालला नाही तर उभं पीक हातचं जाणार. म्हणून नंदुरबारच्या बाजारातली सगळी चकचकीत दुकानं ओलांडून तो थेट अनीसभाईंकडे आला होता. पंचक्रोशीत त्यांच्या कामाचं नाव होतं, आणि ते उगाच नव्हतं.

अनीसभाईंनी नवी बॅटरी हातावर तोलली आणि हसले. "चहा ल्या, भाऊ."

त्यांची बायको जाहेदा सोल्डरिंग गन तापवून बसली होती. हात तिचे आणि डोकं भाईंचं, हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक. त्यांना विचारल्याशिवाय ती एक तार जोडत नसे.

"आठ अँपिअरची है, तो आठसौ मिलीसे ज्यादा करंट नहीं देना, है ना?"

"ज्यादा नहीं," भाई म्हणाले.

"और ये रातभर प्लग लगाके रखते. फुगी इसीलिए. तो तेरा पॉइंट आठ व्होल्टपे रोकूं?"

"तेरा पॉइंट आठ."

हेमकांत बघतच राहिला. भाईंनी मीटर हातात धरला नाही, कागद पाहिला नाही, आणि एक शब्द जास्तीचा नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार. इथं पाणी खोल होतं.

"चहा ल्या, भाऊ," भाई पुन्हा म्हणाले. माणूस दिलदारही किती! दुसरा कप आला, तो जाहेदानं मुकाट्यानं हेमकांतपुढे सरकवला.

तासाभरात चार्जर तयार झाला. जाहेदानं मीटर लावला. आकडा बरोबर तिथंच थांबला. डबीचे स्क्रू आवळून तिनं ती नवऱ्याच्या हातात ठेवली.

"आपके हाथसे दो."

भाईंनी ती दोन्ही हातांनी हेमकांतला दिली. त्याला भरून आलं.

"भाई, तुमनासारखा कारागीर आख्खा जिल्हामा नही!"

तो गेला. जाहेदा तारांचे तुकडे वेचू लागली. अनीसभाई बराच वेळ तिच्या हातांकडे कौतुकानं पाहत होते.

"ताई," ते अदबीनं म्हणाले, "तुमना हात मोठा सफाईना शे. हाई दुकान कोनं शे?"