अजगराचं पुढे काय?

"दुकानदार तर दहाच वर्षं जगेल म्हणाला होता, डॉक्टर!" केळुसकर हादरले. साठीत, बायको गेल्यावर, सोबत म्हणून त्यांनी हा परदेशी अजगर पाळला होता. आता ते सत्तरीत होते, अजगर मात्र ठणठणीत.

"एकूण तीस वर्षं सहज जगेल," प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले. "साठ वर्षांचेही दावे ऐकतो, पुरावा कुणाकडे नसतो."

घरी आल्यावर केळुसकरांना बसवेना. आपल्यामागे याचं कोण करणार? मुलगा फिरतीवर, सून तर अजगराच्या खोलीत पाऊलही टाकत नसे. शेवटी अजगर तिकडे द्यायचं ठरवून त्यांनी त्याच खोलीतून सर्पोद्यानाला फोन लावला.

"ठेवा तो फोन, बाबा." सून पांढऱ्याफटक चेहऱ्याने आत आली. "त्याला धरायचं कसं, ते शिकवा मला."

अजगर मनगटाभोवती सरकला, तशी ती शहारली. पण तिने हात मागे घेतला नाही.

"किती गार आहे हो," ती पुटपुटली. "जेवलाय ना हा?"