चार मिनिटे बोर्डापाशी

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. गढ़ा भागातील त्या नकाशा-कार्यालयाच्या टेबलावर एकाच बनावटीचे दोन वायफाय राउटर होते. त्यांपैकी एकच जिवंत होता.

दुसरा सोमवारी गेला. कंपनीने या राउटरकडे लक्ष देणे केव्हाच थांबवले होते आणि जोडणी तासातासाला तुटत होती. म्हणून पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले विष्णुपंत त्यात कंपनीचे नसलेले, मुक्त फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारी प्रणाली, भरत होते. ते भरले जात असताना वीज तुटता कामा नये. तुटली तर राउटर पुन्हा उठत नाही. दुसऱ्याच मिनिटाला, फरशी पुसायला आलेल्या बेबीताईंनी भिंतीवरचा विजेचा बोर्ड बंद केला.

मालक अंबरीशने त्यांना तेव्हाच सांगितले, उद्यापासून येऊ नका. आज विष्णुपंत उरलेल्या राउटरमध्ये तेच फर्मवेअर भरायला बसले होते आणि बेबीताई कार्यालयाची किल्ली परत द्यायला आल्या होत्या.

"ठेवा तिथे," अंबरीश मान वर न करता म्हणाला. मग विष्णुपंतांना उद्देशून : "सर, लाइट गेली तर इन्व्हर्टर सांभाळेल. बेबीताई आल्या तर तोही हात जोडेल."

"बोर्ड का बंद केला, हे त्यांना विचारलंस?" विष्णुपंत म्हणाले.

"विचारलं ना. चूक झाली म्हणाल्या. बस."

"बेबीताई, पूर्ण सांगा."

"जाऊ द्या ना सर. माह्याच हातानं झालं."

विष्णुपंतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अंबरीश, नऊ वर्षांपूर्वी तुझे वडील या खुर्चीवर बसत, तेव्हा ओल्या फरशीवर यांना करंट लागला होता. त्या दिवशी मी यांना नियम घालून दिला : पोछा मारण्यापूर्वी बोर्ड बंद. तो त्यांनी एकदाही मोडला नाही. काल काम सुरू करताना त्यांना थांबवायला मी विसरलो. राउटर मी घालवला."

अंबरीशने आता मान वर केली. "अरे, तो बोलना था ना, ताई!"

"सरांचं नाव कसं घेऊ, भाऊ? या वयात त्यांले कोणी बोललेलं मले नाही चालत."

विष्णुपंतांनी एक खुर्ची ओढून बोर्डाखाली ठेवली.

"इथे बसा. कोणालाही हात लावू देऊ नका. मलासुद्धा."

बेबीताई बसल्या नाहीत. बोर्डाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. विष्णुपंतांनी बटण दाबले. राउटरचा दिवा लुकलुकू लागला.

आरेखक यशश्री चार्जर लावायला बोर्डाशी आली.

"नंतर या, दीदी. सरांचं काम चालून राहिलं."

"दोनच मिनिटं, ताई."

"खुद्द सरांलेही मनाई आहे."

चार मिनिटांनी दिवा स्थिर झाला. विष्णुपंतांनी जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड भरला. मग एका कार्डावर, नकाशावर लिहितात तशा सुट्या, सरळ अक्षरांत एक ओळ लिहिली आणि ते अंबरीशपुढे सरकवले. त्याने ते मोठ्याने वाचले :

"हा बोर्ड बंद करण्यापूर्वी बेबीताईंना विचारावे."

त्याने खणातून चिकटपट्टी काढली, बोर्डाशी गेला आणि थांबला.

"ताई, लावू?"

बेबीताई बाजूला सरकल्या. त्याने चारही कोपरे अंगठ्याने दाबून बसवले.

अकरा वाजून एकतीस मिनिटे. जोडलेली यंत्रे : चौदापैकी चौदा.